मन नसताना नवऱ्याला ‘हो’ म्हणणं चूक आहे का?

तुमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, नवरा स्वभावाने चांगला आहे, पण तो हिरमुसू नये म्हणून मन नसतानाही ‘हो’ म्हणता आणि नंतर रडू येतं, असं तुम्ही लिहिलंय. तुमची चूक नाही. पण ते रडू मात्र मनावर घ्या.

मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय आणि १९ वर्षं वडोदऱ्यात, दांडिया बाजारात संसार करतेय. मानसशास्त्रज्ञ एमिली इम्पेट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकेतल्या, प्रेमसंबंधात असलेल्या कॉलेजच्या मुलामुलींकडून १४ दिवस रोजची नोंद घेतली होती. जवळीक हवी, त्याला किंवा तिला आनंद द्यावा, म्हणून संबंध आला त्या दिवशी मनही बरं आणि नातंही. भांडण नको, रुसवा नको म्हणून आला त्या दिवशी उलट. आणि हे दुसरं कारण ज्यांच्यात जास्त, त्यांची नाती पुढे टिकण्याची शक्यताही कमी दिसली. बाहेरून दोन्ही ‘हो’ सारखेच दिसतात.

माझं दुसऱ्या प्रकारचं होतं. आमच्या आणि सासूबाईंच्या खोलीत फक्त एक फळ्यांची भिंत. माझे कान त्यांच्या खोकल्याकडे, आणि मनात एकच, लवकर आटपू दे. ह्यांना काहीच कळलं नाही. कळणार कसं, मी कधी बोललेच नव्हते. शेवटी सूरसागर तलावाच्या काठावर बोलले. ह्यांची सेव उसळ तशीच राहिली. “तू सोसत होतीस?” एवढंच विचारलं. माझ्या नकारापेक्षा त्याचंच त्यांना जास्त लागलं.

तेव्हापासून मी म्हणते, “आज नको, पण जवळ झोपा.” नकारासोबत माया कळली की समोरच्याला तो कमी लागतो, असं अभ्यासांतही दिसलंय.

एक फरक मात्र नीट ओळखा. लैंगिक आरोग्यावर काम करणाऱ्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं की बऱ्याच बायकांना, विशेषतः जुन्या नात्यात, इच्छा आधी होत नाही, जवळीक सुरू झाल्यावर होते. म्हणजे सुरुवातीला मन कोरं असणं वेगळं आणि आतून ‘नको’ असणं वेगळं. कोऱ्या मनाने जवळ जायला हरकत नाही. ‘नको’ असेल तर थांबायचं, मध्येच वाटलं तरी थांबायचं.

आठवड्यातून किती वेळा, हा हिशेब सोडा. ३०,००० हून जास्त लोकांच्या माहितीवरच्या अभ्यासात, जोडप्यांमध्ये आठवड्यातून एकदाच्या पुढे संख्या वाढली म्हणून समाधान वाढलेलं दिसलं नाही.

नकार दिल्यावर तो धमकावत असेल, जबरदस्ती करत असेल, तर वरचं काही लागू नाही. लैंगिक छळ २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात येतो. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

तसं नसेल तर या आठवड्यातच बोला. रात्री अंथरुणात नको, दिवसा, घराबाहेर. आणि “तुम्ही असं करता” पासून नाही, “मला नंतर रडू येतं” इथपासून सुरू करा.