काउंटरवरचे कौतुक आणि अडलेली बढती

ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात काम करणारी, आणि आपल्या समाजातून, भाषेतून किंवा परिस्थितीतून तिथवर पोहोचलेली एकटीच असणारी माणसे समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा सारखाच असतो: ‘हे क्षेत्र माझ्यासारख्यांसाठी आहे का, की मी उगाच अडून बसले आहे?’ अशाच एका ताईंची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे मांडते.

ताईंकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी होती आणि त्या आठ वर्षे देवघेव विभागात होत्या. त्यांच्यानंतर रुजू झालेले दोघे तालिकीकरणाकडे, म्हणजे संग्रहातल्या साहित्याच्या वर्णनासह नोंदी करण्याच्या कामाकडे, गेले होते. ताईंनी विचारले की वरिष्ठांचे उत्तर ठरलेले असे: ‘तुम्ही वाचकांशी किती छान बोलता, तुम्हाला हलवले तर काउंटर कोण सांभाळणार?’ मधल्या काळात त्यांच्या मातृबोलीतल्या जुन्या पत्रांचा एक संग्रह संस्थेकडे आला होता. ती पत्रे वाचून व्यक्तींची, गावांची आणि नात्यांची नावे ताईंनीच उलगडून दिली. पण संग्रहाची सूची तयार झाली तेव्हा तिच्यावर नाव दुसऱ्याचे होते.

पहिल्या भेटीत मी चुकले, हे कबूल करायला हवे. हा आत्मविश्वासाचा प्रश्न आहे असे गृहीत धरून मी त्यांना मुलाखतीच्या सरावाचे काही पाठ दिले. दुसऱ्या भेटीत त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, मला बोलता येत नाही असे कोणीच म्हटलेले नाही. छान बोलता येते म्हणूनच तर मी तिथे अडकले आहे.” ज्यांना डावलले जाते त्यांनाच सुधारायला लावण्याची सवय आम्हा समुपदेशकांनाही असते, हे त्या दिवशी मला चांगलेच समजले.

मग आम्ही सल्ले बाजूला ठेवले आणि एक वही केली. आज कोणते काम केले, त्याला किती वेळ लागला आणि ते कोणाच्या नावावर जमा झाले, एवढेच तीन आठवडे लिहायचे होते. वही परत आली तेव्हा आम्हा दोघींच्या अपेक्षेपेक्षा बरेच काही त्यात होते. ‘हे आडनाव आहे की गावाचे नाव?’ असे विचारायला आत बोलावणे, चुकीचे विषयशीर्षक दुरुस्त करून देणे, वाचकाला हवा असलेला कागद कोणत्या पेटीत सापडेल हे सांगणे, हे सारे वर्णनाचे आणि संदर्भसेवेचेच काम होते. नोंद मात्र कुठेही नव्हती, कारण त्याला सगळे ‘मदत’ म्हणत.

त्या वेळी मी त्यांना डोरोथी पोर्टर यांच्याविषयी सांगितले. अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून १९७३ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आणि साहित्याचा संग्रह त्यांनी उभा केला. त्या काळी अनेक ग्रंथालयांत पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीनुसार कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके, मग ती कविता असो वा चरित्र, ३२५ म्हणजे वसाहत-स्थलांतर किंवा ३२६ म्हणजे गुलामगिरी या क्रमांकांखाली ढकलली जात. पोर्टर यांनी ती लेखकानुसार आणि साहित्यप्रकारानुसार लावली. क्रमांक लावणाऱ्याला कविता ही कविता म्हणून दिसली नाही, तर वाचकालाही ती कवितांच्या कप्प्यात सापडत नाही. कर्मचाऱ्यांमधली विविधता मला म्हणूनच संग्रहाच्या अचूकतेची बाब वाटते. तिला औदार्य समजणाऱ्यांशी माझे पटत नाही.

ताईंना हे आवडले, पण त्यांनी लगेच अडचणीची बाजू काढली: “म्हणजे जन्मभर मी आमच्याच लोकांचे कागद लावायचे?” शंका रास्त होती. काउंटरवरून सुटून ‘आपल्या समाजाच्या प्रतिनिधी’ या खुर्चीत बसवले जाणे ही वाढ नव्हे. तिथे प्रत्येक बैठकीत सगळ्या समाजाच्या वतीने बोलावे लागते, आणि इतर कामांत हात बसत नसल्याने पुढची निवड पुन्हा हुकते. क्षेत्रात येणाऱ्यांसाठी शिष्यवृत्त्या आहेत. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने अशीच स्पेक्ट्रम शिष्यवृत्ती १९९७ मध्ये सुरू केली. परंतु शिष्यवृत्ती दारातून आत आणते. आत आल्यावर कोणाला कोणते काम मिळते, हे रोजच्या वाटपातच ठरते.

त्यामुळे मागण्याही कामाच्या वाटपाविषयीच्या ठरल्या. वही घेऊन ताई विभागप्रमुखांना भेटल्या आणि त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: सूचीवर स्वतःचे नाव, आठवड्यातले दोन दिवस तालिकीकरणात, तेही मातृबोलीशी संबंध नसलेल्या साहित्यावर, आणि पुढच्या निवडीचे निकष लेखी. मार्गदर्शन करणारे त्यांना पुष्कळ भेटले होते. आपण नसलेल्या बैठकीत आपले नाव घेणारे मात्र कोणी नव्हते, आणि विभागप्रमुखांनी तेवढे करावे अशी विनंतीही त्यांनी स्पष्ट शब्दांत केली.

सूचीवर नाव आले. दोन दिवसांऐवजी एकच दिवस मिळाला. निकषांसाठी दोन महिने थांबावे लागले आणि शेवटी अर्ध्या पानाचा कागद हाती आला, ज्यात ‘तालिकीकरणाचा प्रत्यक्ष अनुभव’ अशी अट होती. काउंटरवर बसलेल्या माणसाला तो अनुभव मिळणार कसा, एवढे एक वाक्य लिहून ताईंनी तो कागद परत पाठवला. निवड अजून व्हायची आहे. नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्नही त्यांनी अजून मिटवलेला नाही, आणि मीही घाई केलेली नाही.

गेल्या खेपेस त्या आल्या तेव्हा पुलांच्या तांत्रिक आराखड्यांची एक पेटी त्यांच्याकडे लावायला आली होती, आणि आधी कोणीतरी मूळ क्रम मोडून त्यांवर नवे क्रमांक टाकून ठेवले होते. त्या भारी वैतागल्या होत्या. आमचा निम्मा वेळ त्या क्रमांकांवरच गेला.