पोतराज, पटकी आणि पाणी

प्रिय मनू,

सोलापूरला आजीच्या गल्लीत तू पोतराज पाहिलास आणि लंडनला परतल्यापासून तुझे दोनच प्रश्न चालू आहेत. तो स्वतःलाच का मारत होता? आणि आजीने त्याला सूपभर ज्वारी दिली, पण ओट्यावर का नाही बोलावलं? जेवता जेवता उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून लिहून देते. कुठे अडलं तर विचार.

वाढवलेले केस, कपाळभर हळदकुंकू, कमरेला खणांचा रंगीत घोळ, पायात घुंगरू आणि उघड्या अंगावर सपासप ओढलेला कोरडा. शेजारी त्याच्या बायकोच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा, हातात ढोलकं, आणि काठी घासून काढलेला तो गुबूगुबू आवाज. मरीआई ही साथीच्या रोगांची देवी, मुख्यतः पटकीची. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी संध्याकाळपर्यंत सुकून जायचा, आणि कशाने, ते कुणालाच कळत नसे. आई कोपली, असं लोकांनी मानलं. मग तिचा कोप कुणीतरी अंगावर घ्यायला हवा. पोतराज तो घेतो. गावाच्या वाटणीचे फटके तो खातो.

पण ते कुणी खायचे, हेही गावानेच ठरवलं होतं. बहुतेक पोतराज मांग किंवा महार घरांतले. ज्यांना गावाने गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्याकडेच गावाच्या भीतीचं काम दिलं. ओट्याचं उत्तरही इथेच आहे. आजी मायाळू आहे, पण तिच्या लहानपणी पोतराजाला अंगणातूनच वाढायची रीत होती आणि ती तिने कधी तपासून पाहिली नाही. मला ती रीत चूक वाटते. तसं मी तिला फोनवर सांगितलंही.

साथ हटेना, तर काही गावं मरीआईचा गाडा काढत. लाकडाचा छोटा गाडा, त्यात देवी, तिला हिरवी चोळी, बांगड्या, लिंबं, नैवेद्य. वाजतगाजत तो शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा. पलीकडच्यांनी तो आणखी पुढे ढकलायचा. आपल्यावरचं संकट शेजाऱ्याच्या दारात! घाबरलेला माणूस असं करतो.

खरी पटकी मात्र गाड्यातून नाही, माणसांबरोबर फिरली. १८१७ मध्ये ती बंगालमधून निघाली. पेंढाऱ्यांवर आणि मराठी सत्तांवर चालून आलेल्या इंग्रजी फौजेला तिने बुंदेलखंडात गाठलं, आणि १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली त्याच वर्षी, ती मुंबईत पोहोचली. पुढे व्यापाराच्या वाटांनी, जहाजांतून जगभर. १८३२ मध्ये ती इथे लंडनला आली, तेव्हा सरकारने २१ मार्चला देशभर उपासाचा आणि प्रार्थनेचा दिवस पाळायला लावला. देव कोपलाय, असंच इथेही पुष्कळांना वाटत होतं. तुझ्या वर्गात कुणी पोतराजाचा व्हिडिओ पाहून हसलं, तर हे सांग.

१८५४ मध्ये इथल्याच, लंडनच्या सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीने सहाशेवर माणसं दगावली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने कोणकोणत्या घरांत माणसं गेली ते शोधलं. बहुतेकांनी एकाच पंपाचं पाणी प्यायलं होतं. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, कारण ते तिथलीच बिअर पीत आणि भट्टीची विहीर वेगळी होती. पंपाचा दांडा काढून टाकला. रोग पाण्यातून येतो, हे स्नोचं म्हणणं सगळ्यांना पटायला मात्र आणखी बरीच वर्षं गेली.

आणि पाणी म्हटलं की आपल्याकडे लगेच प्रश्न येतो, कुणाचं पाणी? विहिरीवर कुणी यायचं, कुणाला वरून ओंजळीत ओतायचं, हे जातीवर ठरत होतं. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने सर्वांना खुलं केलं होतं, पण फक्त कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथे गेले आणि ते पाणी प्यायले. तळं बाटलं म्हणून नंतर काही सवर्णांनी दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांचे १०८ घडे मंत्र म्हणत त्यात ओतले. स्नोच्या पंपानंतर ७३ वर्षांनी, पिण्याच्या पाण्यात शेण, आणि त्याला शुद्धी म्हणायचं! मनू, हे लिहितानाही मला संताप येतो. तळ्याचा निकाल हायकोर्टात लागायला १९३७ उजाडलं. १९५६ च्या धर्मांतरानंतर कितीतरी घरांनी मरीआईचा देव्हारा उतरवला, पोतराजाच्या जटा कापल्या आणि मुलांना शाळेत धाडलं.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे शिकत होते, तेव्हा राहायचे ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर आता स्मारक आहे. ब्रॉड स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या ब्रॉडविक स्ट्रीटवर, पंपाची प्रतिकृती आहे. शनिवारी आधी पंप बघू, मग ते घर. डबा मी करते, तू प्रश्न लिहून ठेव.

तुझी,
आई