पाण्याचा ग्लास

"मी मेलेल्या माणसाशी बोलले. देव मला माफ करेल का?" हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून दोनतीनदा तरी येतो. विचारणारी व्यक्ती आधी दार नीट लागलंय ना ते बघते. इथे सांगते ती हकिगत भायखळ्याच्या बाजूला राहणाऱ्या एका मावशींची. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

मावशी पन्नाशीच्या पुढच्या, तीन पिढ्यांच्या प्रोटेस्टंट घरातल्या. मिस्टर एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना "डबा पाठवू नको, तिकडे देतात" एवढंच ते बोलले. नवव्या दिवशी फोन आला. चेहरा बघायला मिळाला नाही. दफनाला चार माणसं, तीही लांब उभी.

वर्षभराने कुणीतरी एका बाईंचा नंबर दिला. त्या व्हिडिओ कॉलवर 'आत्म्याशी संवाद' घडवून देत, अर्ध्या तासाचे २,१०० रुपये. पहिल्या बैठकीत बाई म्हणाल्या, त्यांच्या छातीवर फार दडपण होतं, निरोप घ्यायचा राहून गेला. मावशी ढसाढसा रडल्या. (एप्रिल २०२१ मध्ये गेलेल्या माणसाबद्दल हे कुणीही सांगितलं असतं. आणि तारीख मावशींनीच आधी मेसेजवर कळवली होती.) तिसऱ्या बैठकीत निरोप आला, ते पाण्यासाठी तळमळतायत, अजून दोन बैठका लागतील.

तेव्हापासून मावशींची झोप उडाली. रोज रात्री खिडकीत पाण्याचा ग्लास. पाळकसाहेब घरी आले की तो पडद्यामागे. शेवटी त्यांच्या कानावर गेलंच. त्यांनी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा अठरावा अध्याय उघडून वाचून दाखवला. तिथे मृतांना विचारायला जाण्याची स्पष्ट मनाई आहे, त्यामुळे वचन चुकीचं निवडलं असं मी म्हणणार नाही. वेळ चुकली. त्यानंतर दोन महिने मावशी चर्चमध्ये प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला) उठल्या नाहीत.

झोपेसाठी मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. पहिल्या दोन भेटींत बैठकांचा विषयच काढला नाही. माणूस कसा होता ते विचारत राहिले. वर्कशॉपमध्ये फिटर, शनिवारी स्वतः जाऊन बोंबील आणायचा, साफ मात्र कधी करायचा नाही.

"तुम्हाला हाक काय मारायचे?"

"हाक कसली? 'अगं ए'!" मावशी हसल्या, मग गप्प झाल्या. "ती बाई 'प्रिये' म्हणायची. ह्यांनी जन्मात कधी मला प्रिये म्हटलं नाही."

"खटकलं नाही?"

"खटकलं ना. म्हटलं, तिकडे जाऊन सुधारले असतील."

आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

त्यांच्या मुलीने मैत्रिणींना जमवून प्लँचेटही करून पाहिलं होतं. वाटी सरकली म्हणून ती घाबरली होती. तिला मी मायकल फॅरडेची गोष्ट सांगितली. तो शास्त्रज्ञ होता आणि पक्का ख्रिस्तीही. टेबलं आपोआप फिरतात म्हणून इंग्लंडमध्ये गाजावाजा झाला, तेव्हा १८५३ मध्ये त्याने साधं उपकरण करून दाखवून दिलं की बसलेल्यांचेच हात टेबल ढकलतात, आणि त्यांना स्वतःला ते कळतही नाही.

मावशींचं समाधान एवढ्यावर होणार नव्हतं. "आणि खरंच तेच असले तर?" ख्रिस्ती लोकांतही यावर एकमत नाही. काहींच्या मते सगळी फसवणूक, काहींच्या मते सैतान सोंग घेतो. मी त्या वादात शिरले नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला अठ्ठाविसावा अध्याय आम्ही मिळून वाचला. भूतविद्या करणाऱ्यांना शौल राजाने स्वतःच देशातून हाकललं होतं. पुढे पलिष्ट्यांचं सैन्य समोर उभं राहिलं, देव उत्तर देईना, तेव्हा तोच वेश बदलून रात्री एन-दोर गावातल्या, मृतांना बोलावणाऱ्या बाईकडे गेला. मिळालं काय? तिने बोलावलेल्या मृत शमुवेल संदेष्ट्याने जिवंतपणी सांगितलेलंच पुन्हा सांगितलं, वर उद्याच्या मरणाची बातमी. शौल जमिनीवर आडवा पडला.

"फोन ठेवल्यावर मीपण अशीच पडून राहायचे," मावशी म्हणाल्या.

पुढची ओवी उपदेशात सहसा येत नाही. त्या बाईने दिवसभराच्या उपाशी शौलाला वासरू कापून, भाकरी भाजून जेवू घातलं. मावशी ती दोनदा वाचत बसल्या.

पाण्याचा उलगडा मात्र चौथ्या भेटीत झाला. लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातला श्रीमंत मनुष्य मेल्यावर अधोलोकात तळमळत बोटाच्या टोकाएवढं पाणी मागतो. बाईंनी 'पाणी' म्हटलं आणि मावशींनी लहानपणी शब्बाथ शाळेत शिकलेलं हे वचन ऐकलं. नवरा नरकात आहे, हे दुखणं त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं.

"त्याच अध्यायात पुढे काय आहे?" मी विचारलं.

त्यांनीच सांगितलं. मध्ये मोठी दरी आहे, इकडून तिकडे, तिकडून इकडे कुणी येत नाही. माझ्या भावांकडे निरोप धाडा असं तो श्रीमंत म्हणतो, तर पलीकडचा पूर्वज अब्राहाम तेही नाकारतो.

"मग तो निरोप तुमच्यापर्यंत आला कुठून? आणि ग्लास कुणासाठी?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग शेजारणीचं विचारलं. ती कॅथलिक, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर मेणबत्ती लावते, मृतांच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) देते, तेही पापच का? मी म्हटलं, मृतांसाठी प्रार्थना करण्याबाबत आपल्यात आणि त्यांच्यात फरक आहे. पण ती बोलते देवाशी. मृतांकडून निरोप मागवायला त्यांच्याही चर्चची मनाईच आहे.

माफीचं म्हणाल तर, येशूचा शिष्य पेत्र याने तीनदा त्याची ओळख नाकारली आणि येशूने किनाऱ्यावर त्याला आधी न्याहारी दिली, प्रश्न नंतर विचारले. मावशींनी राहिलेलं बोलणं प्रार्थनेत देवाला सांगितलं. डबा त्यांनी पाठवलाच होता, तो गेटवरून परत आला होता.

गेल्या महिन्यात त्या बाईंचा मेसेज आला, "तुमच्या मिस्टरांचा अर्जंट निरोप आहे." मावशींनी तो तीनदा वाचला, मला दाखवला आणि ब्लॉक कसं करतात ते मुलीला विचारलं.