गाडी बंद, पंखा चालूच

प्रश्न : घाट चढून घरी आलो, चावी काढली, तरी बॉनेटखाली पंखा घोंघावत राहतो. गाडी जेमतेम दोन वर्षांची आहे. काही बिघडलंय का?

नाही, घाबरू नका. इंजिन थांबलं की बेल्टवर फिरणारा वॉटर पंपही थांबतो आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जागच्या जागी उभं राहतं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, मात्र तापलेलंच असतं. ती धग त्या उभ्या पाण्यात उतरते, त्यामुळे गाडी बंद केल्यावर पहिली काही मिनिटं तापमान उलट वाढतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत पंख्याला चावीशी संबंध न ठेवता बॅटरीवरून पुरवठा असतो. जुन्या गाड्यांत रेडिएटरवरचा थर्मोस्विच (तापमानावर चालणारा स्विच) साधारण ९५ अंशांच्या आसपास त्याला चालू करतो, नव्या गाड्यांत हे काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतो. पाच-दहा मिनिटांत पंखा थांबत असेल तर निर्धास्त राहा.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीचा पंखा चावीबरोबर बंद होतो. फिटर म्हणतो, वेगळा स्विच टाकू, म्हणजे गाडी बंद केल्यावरही चालवता येईल. टाकावा का?

माझं मत विचाराल तर टाकू नका. पंखा थंड करतो ते रेडिएटरमधलं पाणी, आणि गरम पाणी अडकलंय हेडमध्ये. पंपच बंद, तर ते रेडिएटरपर्यंत येणार कसं? गरम पाणी वर सरकून आपोआप थोडं फिरतं, पण अगदीच थोडं. मोठ्या चढावरून येऊन गाडी बंद केलीत आणि पंखा चालू ठेवलात, की जरा वेळाने रेडिएटरचे दोन्ही होज (रबरी नळ्या) चाचपून बघा, पंख्यापासून हात लांब ठेवून. खालचा कोमट झालेला असतो, वरच्याला बोट टेकवत नाही.

त्यापेक्षा एक सवय लावून घ्या. मुक्कामाला पोचलात की एसी बंद करा आणि गाडी मिनिटभर आयडलवर, म्हणजे जागेवर नुसती चालू, ठेवा. पंप आणि पंखा दोन्ही चालू, पाणी फिरतंय, हेड निवतंय. टर्बो असेल तर त्याच्या बेअरिंगलाही तेवढा वेळ तेल मिळतं. स्विच टाकायचाच असेल तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूजशिवाय नको. पंखा १५-२० अँपिअर ओढतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत डॅशबोर्डमागची बारीक वायर वितळून स्विचलाच चिकटली होती. आग लागली नाही हे त्या कुटुंबाचं नशीब.

प्रश्न : रात्रभर पंखा चालला आणि सकाळी बॅटरी उतरलेली. कारण काय?

पहिला संशय रिलेवर. कॉन्टॅक्ट चिकटले की इंजिन थंड झालं तरी पंखा थांबत नाही. फ्यूज बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले तिथे लावून बघा. पंखा गप्प राहिला तर जुना रिले गेला. तरीही थंड इंजिनावर फिरू लागला तर थर्मोस्विच, सेन्सर किंवा वायरिंग तपासा. १५ अँपिअरचा पंखा दहा मिनिटं चालला तर खर्च होतात जेमतेम अडीच अँपिअर-अवर, पण दोन तासांत होतात तीस. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ ची असते!

प्रश्न : गाडी बंद असताना पंख्याजवळ हात घालून साफसफाई केली तर चालेल?

गरम गाडीत मुळीच नाही. पंखा न सांगता सुरू होतो आणि बोटं जातात. आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा.

प्रश्न : काटा लाल खुणेवर गेल्यावर लगेच रेडिएटरचं झाकण उघडून पाणी घालू का?

कृपा करून नको. झाकणामुळे आत साधारण एक बारचा जादा दाब असतो, त्यामुळे साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलंत की दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर, हातावर उडतं. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज मुठीत धरवू लागला की मगच झाकणाला हात लावा, तोही जाड फडकं ठेवून.