बोर्डाच्या कडेवर काय लिहिलंय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात एमडीएफ (लाकडाचा तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) यांतला फरक सांगितला होता. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: कारखान्यात बोर्डावर जे छापतात, रंगवतात, त्याचा अर्थ काय आणि त्यावर भरवसा किती ठेवायचा? माझी नोकरी फायबर बोर्डाच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात झाली. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच.

ताई, मागच्या वर्षी स्वयंपाकघराचं फर्निचर करून घेतलं. सुतारानं बोर्ड कापून आतला हिरवा रंग दाखवला आणि म्हणाला, "हिरवा आहे, पाण्याची काळजी सोडा." पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाची तळाची फळी फुगली, वरचं लॅमिनेट उचललं गेलं. हिरवा बोर्ड म्हणून आम्हाला फसवलं का?
— एक गृहिणी, चिपळूण

फसवलं की नाही, हे नुसत्या रंगावरून तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही. हिरव्या रंगात पाणी अडवायची ताकद अजिबात नसते.

लाकडाचे बारीक तुकडे वाफेवर मऊ करून रिफायनरच्या तबकड्यांमध्ये दळले, की लोकरीसारखा तंतू निघतो. तो वाफेच्या जोरावर एका नळीतून धावत असतानाच त्यावर रेझिन, म्हणजे तंतू चिकटवणारा गोंद, फवारतात. साध्या बोर्डाला युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन लागतं. ते स्वस्त आहे, पकडही चांगली देतं, पण सततच्या दमटपणात हळूहळू तुटतं. दमट जागेसाठी बोर्ड करायचा असेल तर त्या रेझिनमध्ये मेलामाइन हे ओल सोसणारं रसायन मिसळतात आणि मेणाचं प्रमाणही नीट सांभाळतात. ओल सोसायची ताकद येते ती तिथून. हिरवं रंगद्रव्य त्याच सुमाराला टाकतात, पण ते केवळ ओळख पटावी म्हणून.

ओळखीची ही रीत मला मनापासून आवडते, कारण छापलेला शिक्का करवतीखाली जातो आणि अंगात भिनलेला रंग वीतभर तुकड्यातही राहतो. अडचण अशी, की रंग स्वस्त आहे आणि मेलामाइन महाग. साध्या रेझिनमध्ये हिरवा रंग घालायला कोणालाही कोणी अडवत नाही. उलट काही चांगले ओलरोधक बोर्ड मुळीच रंगवलेले नसतात. म्हणून हिरवा रंग दिसला की पुढचं विचारायचं: शीटवरचा छाप कुठे आहे? एमडीएफसाठी आयएस 12406 आणि लॅमिनेट लावूनच येणाऱ्या एमडीएफसाठी आयएस 14587 हे भारतीय मानक आहे. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर या भारतीय मानक ब्यूरोच्या अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या मालासाठी आणि चालू आहे की नाही, ते लगेच कळतं. शीट कापायच्या आधी त्या छापाचा फोटो काढा, आणि छाप असलेला कोपरा कापून जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा.

आता तुमच्या फळीबद्दल. ओलरोधक म्हणजे पाण्यात बुडवून ठेवता येईल असा बोर्ड नव्हे. उत्तम बोर्डाचीही उघडी कड पाणी पिते. सिंकखालच्या कपाटात चारही कडांना पट्टी लावतात, आणि सांडपाण्याच्या पाइपासाठी पाडलेलं भोक मात्र तसंच उघडं सोडतात. फुगवटा तिथून सुरू झालाय का, बघा. तसं असेल तर बोर्ड खरा असूनही हेच झालं असतं. नवी फळी बसवताना भोकाच्या आतल्या कडेला इपॉक्सीचा किंवा सीलरचा हात द्या आणि पाइपाभोवती सिलिकॉन भरा.

बोर्डाचीच शंका असेल तर उरलेला एक तुकडा घ्या, शेजारी खात्रीच्या बोर्डाचा तेवढ्याच जाडीचा तुकडा घ्या. व्हर्नियरनं जाडी मोजा, 24 तास पाण्यात ठेवा, पुन्हा मोजा. प्रयोगशाळेत हीच चाचणी अधिक काटेकोरपणे होते, पण घरी केली तरी फरक डोळ्यांना दिसतो.

माझ्याकडे शाळेतलं परीक्षेचं जुनं पॅड आहे. तपकिरी, पुढून गुळगुळीत, मागून जाळी उमटलेली. ती जाळी म्हणजे कंपनीची खूण असते का?
— एक निवृत्त शिक्षक, वाई

कंपनीची खूण नाही, पण बोर्ड कसा बनला याची खूण मात्र नक्की आहे. तुमचं पॅड ओल्या पद्धतीनं केलेल्या हार्डबोर्डाचं. त्यात तंतू पाण्यात कालवून जाळीवर पसरतात आणि तो ओला थर जाळीसकट गरम प्रेसमध्ये दाबतात. वरची पत्र्याची बाजू गुळगुळीत होते. पाणी आणि वाफ खालच्या जाळीतून बाहेर पडते, आणि पडताना बोर्डाच्या पाठीवर जाळीचा ठसा सोडते. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी विल्यम मेसन यांनी 1924 च्या सुमारास लाकूड वाफेच्या दाबानं फोडून असा बोर्ड करायची रीत काढली. त्यांच्या नावावरून त्याला मेसोनाइट म्हणू लागले. यात लाकडातलं लिग्निन हे नैसर्गिक चिकट द्रव्यच बराचसा गोंदाचा भाग सांभाळतं. एमडीएफचा तंतू प्रेसमध्ये जाण्याआधीच वाळवलेला असतो, त्याला जाळी लागत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही बाजू गुळगुळीत.

मी मेकॅनिकल डिप्लोमा करून नुकताच एका एमडीएफ कारखान्यात लागलोय. आमच्याकडे वाद चालू आहे. प्रेसवाले म्हणतात, बोर्ड प्रेसमधून निघाल्या निघाल्या छापा. सँडिंगवाले, म्हणजे बोर्ड घासून गुळगुळीत करणारे, म्हणतात, शेवटी छापा. खूण नक्की कधी करायची?
— एक तरुण वाचक, सातारा

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. कारखान्यात या खुणेकडे पॅकिंगचं किरकोळ काम म्हणून बघतात. ती शिफ्टच्या नोंदवहीइतकीच महत्त्वाची आहे.

दोघंही बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या खुणांबद्दल बोलताहेत. पहिली कारखान्याच्या स्वतःच्या कामाची, दुसरी विकत घेणाऱ्याच्या.

पहिलीपासून सुरुवात करू. अखंड चालणाऱ्या प्रेसमधून बोर्ड न तुटणाऱ्या पट्ट्यासारखा बाहेर येतो. तिथेच त्याची जाडी मोजली जाते आणि अल्ट्रासाउंडनं आत कुठे पापुद्रा सुटलाय का ते तपासतात. वाफ आत अडकून राहिली की तंतूंचा थर मधोमध फाटतो, आपण त्याला ब्लो म्हणतो. वरून तो दिसत नाही. म्हणून दोष सापडल्या क्षणी तिथे रंगाचा फवारा मारायचा किंवा ती शीट आपोआप बाजूला काढायची, हे प्रेसच्या तोंडाशीच व्हायला हवं. शीट एकदा थप्पीत गेली की ती शोधत बसावं लागतं.

पण पृष्ठभागावर इथे केलेली कोणतीही खूण तात्पुरतीच. पुढे बोर्ड गार होतो, थप्पीत काही दिवस मुरतो आणि मग सँडिंगला जातो. तिथे दोन्ही बाजूंचा काही दशांश मिलिमीटर थर निघतो आणि छापही त्याबरोबर जातो. कडेवर छापावं, तर बऱ्याच ठिकाणी सँडिंगनंतर मोठी शीट आठ बाय चार मध्ये कापतात, म्हणजे ती कडही जाते. त्यामुळे प्रेसपासून सँडरपर्यंत थप्पीचं कार्ड किंवा बारकोड हाच खरा दुवा. तुमच्याकडे थप्पीचं कार्ड वाऱ्यानं उडतंय, फोर्कलिफ्टखाली फाटतंय असं दिसलं तर आधी ते दुरुस्त करा. तो दुवा तुटला तर शेवटी छापलेली बॅच अंदाजाची ठरते, आणि अंदाजानं छापलेली बॅच मला खोट्या सहीइतकीच वाईट वाटते.

दुसरी, टिकणारी खूण सँडिंग आणि अंतिम कापणी झाल्यावरच करायची. 18 मिमीच्या कडेवर इंकजेटनं सुरेख अक्षरं बसतात. 3 मिमीच्या कडेवर बसत नाहीत, तिथे मागच्या बाजूचा कोपरा वापरावा लागतो. कडेवर छापताना सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे धूळ. ताज्या कापलेल्या एमडीएफची धूळ पिठाहून बारीक असते आणि नोझल बघता बघता बुजवते. छापण्याआधी कडेवर हवेचा झोत हवाच. दुसरं म्हणजे पट्ट्याचा वेग मोजणारा एन्कोडर. रोलर घसरला की अक्षरं ताणली जातात किंवा एकमेकांवर चढतात. दर शिफ्टच्या सुरुवातीला एक शीट हातात घेऊन छाप स्वतः वाचून बघा. स्क्रीनवर बरोबर दिसतंय म्हणून पुढे जाऊ नका.

काय छापायचं? उत्पादकाचं नाव, दर्जा, जाडी, मानकाचा आणि परवान्याचा क्रमांक, बॅच, तारीख. माझा आग्रह असा, की त्यात प्रेसची वेळही घाला. एकदा एका ग्राहकाकडून तक्रार आली, शीटच्या कडेत स्क्रू भरताना बोर्ड उभा चिरतोय. कडेवर वेळ होती. त्या तासाची नोंद काढली तर रेझिनच्या पंपाचा प्रवाह मध्ये काही वेळ खाली गेलेला दिसला. त्या तासाचा उरलेला माल गोदामातच थांबवता आला, आणि बाकीच्या मालावर कोणी संशय घेतला नाही. नुसती तारीख असती तर सगळ्या दिवसाचा माल अडकला असता.

युरोपात आणखी एक सोय आहे, ती आपल्याकडे यावी असं मला फार वाटतं. तिथल्या मानकांनी बोर्डाच्या कडेवर रंगीत पट्ट्यांची पद्धत ठरवून दिली आहे. पांढरी पट्टी म्हणजे सर्वसाधारण वापर, पिवळी म्हणजे भार पेलणारं काम. त्याच्या जोडीला निळी असेल तर कोरडी जागा, हिरवी असेल तर दमट. थप्पी लागल्यावर कोपऱ्याजवळ उभा फवारा मारला की सगळ्या शीटच्या कडांवर पट्टा उठतो. गोदामात काम करणाऱ्याला अक्षरं वाचता येवोत न येवोत, दुरूनच माल कळतो. आपल्याकडे गोदामात माल हलवणारे लोक कुठकुठल्या राज्यांतून आलेले असतात. त्यांच्यासाठी हे किती उपयोगी पडेल!

वॉर्डरोबच्या एमडीएफ दारांना पांढरा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला. महिन्याभरात रंगातून निळसर अक्षरं वर आली. दोन हात जास्त दिले तरी पुन्हा तेच.
— एक रंगारी, नागपूर

ती कारखान्याच्या छापाची शाई आहे. अशा शाईतला रंग थिनरमध्ये विरघळतो. तुम्ही वरून जितके हात द्याल तितक्या वेळा थिनर खाली जाऊन शाईला भिजवतो आणि ती वर चढते. जास्त रंग हा त्यावर उपाय नाही. त्या जागी रंग खरवडून बोर्डापर्यंत जा, शाई जितकी निघेल तितकी पॉलिश पेपरनं काढा, मग स्पिरिटमधल्या चपडा लाखेचे दोन पातळ हात द्या. पहिल्या हातात थोडी शाई येईल, तो पूर्ण वाळू द्या, दुसरा हात ती अडवेल. लाख मेण काढलेली घ्या, साध्या लाखेतल्या मेणावर पीयू नीट धरत नाही. त्यानंतर प्रायमर आणि रंग. पुढच्या कामाला सुतारालाच सांगून ठेवा, की छापाची बाजू दाराच्या आत, लॅमिनेटखाली जाईल अशी शीट लावायची. आणि बोर्ड छापणाऱ्यांनीही, ज्या शीटला रंग लागणार आहे तिच्या पृष्ठभागावर छापू नये, कडेवर छापावं.

इथे घेतलेल्या पुस्तकांच्या कपाटावर "टीएससीए टायटल सिक्स" असं लेबल आहे. लहान मुलीच्या खोलीत ठेवायचंय. हे लेबल मजबुतीचं आहे की आणखी कशाचं?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

मजबुतीशी त्याचा संबंध नाही. ते बोर्डातल्या रेझिनमधून हवेत सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या त्रासदायक वायूबद्दल आहे. आधी कॅलिफोर्नियानं 2007 मध्ये नियम केला आणि 2010 मध्ये सगळ्या अमेरिकेसाठी कायदा झाला. चाचणीच्या पेटीत एमडीएफसाठी मर्यादा 0.11 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), 8 मिमीपर्यंतच्या पातळ एमडीएफसाठी 0.13 आणि पार्टिकल बोर्डासाठी 0.09. बोर्ड करणाऱ्याला शीटवर किंवा गठ्ठ्यावर स्वतःचं नाव, लॉट क्रमांक आणि तपासणी करणाऱ्या बाहेरच्या संस्थेचा क्रमांक द्यावा लागतो. तयार फर्निचरवर करणाऱ्याचं नाव, उत्पादनाची तारीख आणि नियम पाळल्याचं विधान असतं. तुमच्या लेबलवर तारीख शोधा. कपाट अगदी नवं असेल तर ते उघडून आठवडाभर हवेशीर जागी ठेवा, मग मुलीच्या खोलीत न्या. मागची पातळ पाठ आणि शेल्फसाठी पाडलेली भोकं यांतून कच्ची कड उघडी असते, तिथे पट्टी किंवा सीलर लावून घेतलात तर आणखी चांगलं. आणि कपाट भिंतीला पट्टीनं पक्कं बांधायला विसरू नका. लहान मुलं शेल्फवर चढतात, आणि त्याबद्दल त्या लेबलवर एक अक्षरही नसतं.