जपानीत विनंती करताना सगळीकडे 'कुदासाई' चालतं का?

सगळीकडे नाही. 'कुदासाई' म्हणजे 'प्लीज' हे समीकरण आधी डोक्यातून काढा. 'कुदासाई' हे 'कुदासारु' (देणे) या आदरार्थी क्रियापदाचं आज्ञार्थी रूप आहे. म्हणजे आपलं 'द्या'. 'काइते कुदासाई' = 'लिहून द्या'. सभ्य आहे, पण समोरच्याला नकाराची जागा उरत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना म्हणावं, दुकानात 'मिझु ओ कुदासाई' म्हणून पाणी मागावं, पाहुण्याला आग्रह करताना 'ताबेते कुदासाई' म्हणावं, तिथे काहीच खटकत नाही. साहेबांकडे काम असेल तर मात्र ते हुकुमासारखं वाटतं.

तिथे प्रश्न विचारा: 'काइते मोराएमासु का?' आपल्याकडे तहसील कचेरीत 'जरा लिहून मिळेल का?' म्हणतात ना, अगदी तसंच! 'मोराउ' म्हणजे मिळणे. 'काइते'मधलं '-ते' रूप म्हणजे आपलं '-ऊन'. मराठी माणसाला ही रचना इतकी जवळची आहे की ती इंग्रजीतून शिकायचा खटाटोप करूच नये, असं मला मनापासून वाटतं.

आणखी अदब हवी तर 'मोराउ'चं नम्र रूप 'इतादाकु' वापरून 'काइते इतादाकेमासेन का?' (लिहून मिळणार नाही का?) नकारार्थी प्रश्न जास्त मऊ. सुरुवातीला 'सुमिमासेन गा...' (माफ करा, पण...) जोडा.

एक चूक फार होते: 'इतादाकिमासु का' म्हणणं. इथे 'कि' नाही, 'के' हवा, कारण 'मिळू शकेल का' असं शक्यार्थी रूप लागतं.

मित्राला नुसतं 'काइते कुरेरु?' (लिहून देतोस?) पुरे.