नोकरी लागली, आता रविवारच्या उपासनेचं काय?

नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात नोकरी लागली की ख्रिस्ती माणसाला पहिली अडचण रविवारच्या शिफ्टची येते, कारण चर्चची उपासना रविवारीच असते. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मॅनेजरशी बोलून घे. रोस्टर लागल्यावर मागितलेली सुट्टी सहकाऱ्यांना खुपते. बदल्यात दसऱ्याची ड्यूटी स्वतःहून घे. त्या दिवशी दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांना सुट्टी हवीच असते.

ऑफिसच्या गणपतीचा प्रसाद हा खरा नाजूक विषय. बायबलमधल्या १ करिंथकरांस या पौलाच्या पत्राचे ८ आणि १० हे दोन्ही अध्याय सलग वाच, एकावरून ठरवू नको. पौल म्हणतो, चौकशी न करता खा. पण कोणी ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं सांगितलं, तर त्याच्यासाठी खाऊ नको. नाही म्हणायचं तर हात जोडून, हसून, ‘मी घेत नाही’ एवढंच. तिथे प्रवचन नको. आणि घेऊन मग गुपचूप कचऱ्यात टाकणं सगळ्यात वाईट, देणाऱ्याचं मन मोडतं.

दशांश, म्हणजे देवासाठी द्यायचा दहावा भाग, पगाराच्याच दिवशी वेगळा काढ. तीस हजारातले तीन हजार महिनाअखेरीस उरत नाहीत.

बायबल वाचनाला मार्कचं शुभवर्तमान घे: १६ अध्याय, रोज एक. स्तोत्र ११९ मात्र तुकड्यांत वाच, त्यात १७६ वचनं आहेत.